आबांचा टॉवेल आणि म्हाळसाची खुर्ची

आमच्या कॉलेजच्या मुलींच्या कबड्डी संघाला मुख्य प्रशिक्षक आहेत, विजयसिंह सर. माणूस चांगला. पण मॅच सुरू झाली की त्यांना फोन येतात आणि ते बोलत बोलत पार गाड्या लावतात तिथपर्यंत जातात. त्यामुळे संघ खरा चालवायचे ते त्यांचे सहायक, सर्जेराव आबा. हे मी ऐकीव सांगत नाही. कॉलेजचं कॅन्टीन माझं, मुलींची अंडी माझ्याच पातेल्यात उकडतात आणि स्पर्धेला जाताना जीपमध्ये मागच्या सीटवर डबे मांडीवर घेऊन मीच बसते. कबड्डीतलं मला कळत नाही असं म्हणायची कुणाची टाप नाही.

आबा अंथुर्ण्याचे. तरुणपणी तालुका गाजवलेला गडी. मॅचला बाकाच्या टोकाला बसायचे, खांद्यावर पिवळा टॉवेल. तोंडातून अवाक्षर नाही. टॉवेल खांद्यावर आहे तोवर मुलींनी पुढं घुसायचं आणि टॉवेल डोक्यावर गेला की असेल तिथून मागं सरायचं, एवढाच त्यांचा नियम. पंचांना वाटायचं, म्हाताऱ्याला ऊन लागतंय. या टॉवेलवर आमच्या पोरींनी विभागाचा करंडक आणला, पुढच्या वर्षी पुन्हा आणला आणि त्याच्या पुढच्या वर्षी तर तो आणायला रिकामी पिशवी घेऊनच गेल्या.

मग बारामतीच्या एका कॉलेजानं आबांना बोलावून घेतलं. आबांची लेक तिथंच दिलेली, नातवंडं तिथं. नाही म्हणायला त्यांच्याकडं कारण नव्हतं. आबांनी पेढे वाटले, पोरींनी रडून मैदान डोक्यावर घेतलं. मीही रडले आणि मग चिडले, कारण माझ्या हातचा चहा इतकी वर्षं पिऊन माणूस असा सहज कसा जातो?

त्यांच्या जागी आली म्हाळसा. कळंबची. आजोबांपर्यंत घरात मेंढरं होती, आता थोडी शेती आहे. ही पूर्वी आमच्याच संघात कोपऱ्यावर खेळायची, पकडीला एक नंबर. गुडघा गेला आणि खेळ सुटला. मग लोणी देवकरला कंपनीत पॅकिंगला लागली. विजयसिंह सरांनी बोलावल्यावर ती नोकरी सोडून आली. आईनं तिच्याशी बोलणंच टाकलं.

"मावशी, खोकी चिकटवताना बी माझ्या मनात पकडी चालू असायच्या," ती मला म्हणाली. "मला हे काम पायजेच हाय."

पण सरांनी पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "हे बघ, विभागाचा करंडक राहिला तर तू राहिलीस. न्हायतर पुण्याहून माणूस आणू." आणि लगेच त्यांना फोन आला.

पोरींनी म्हाळसाला नवा टॉवेल आणून दिला. पिवळाच. नारळ फोडून, हळदकुंकू लावून तिच्या खांद्यावर घातला. तिलाही नाही म्हणवेना. आठवड्यानं इंदापूरला सरावाची मॅच होती. ऊन असं की मी डब्यांवर ओलं फडकं टाकलं होतं. आमची छकुली चढाईला गेली. छकुली म्हणजे आमची सगळ्यात तेज पोर. यावेळी रिकाम्या हातानं परतली तर बाद, अशी अवघड चढाई होती. तिनं समोरच्या दोघींना पार कोपऱ्यात रेटलं, आता हात लावणार, एवढ्यात म्हाळसानं कपाळाचा घाम पुसला.

टॉवेलनं.

छकुली होती तिथून गर्रकन वळली आणि पळत परत आली. शिट्टी वाजली, छकुली बाद. तिथून आमचा डाव जो घसरला तो घसरलाच.

"ताई, तुमीच टॉवेल डोक्याला लावला की!" छकुली रडवेली झाली.

"अगं बाय, घाम पुसला मी!"

मला हसू आवरत नव्हतं, पण पोरींची तोंडं बघून मी डब्यात डोकं घातलं. परतीच्या जीपमध्ये कुणीतरी हळूच म्हणालं, "आबा असते तर..." म्हाळसा खिडकीतून बाहेर बघत बसली. टॉवेल तिनं मांडीवर घडी करून ठेवला होता. मला तिची फार दया आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन मैदानावर गेले तर बाई खुर्ची उलटी मांडून बसलेली. तोंड मागच्या उसाकडं, पाठ खेळाकडं. मागं पोरी खेळतायत आणि ही उसाचे शेंडे बघतीय!

"म्हाळसा, डोकं ठिकाणावर हाय का?" मी विचारलं.

"मावशी, माझा आजा मेंढरांकडं पाठ करून भाकर खायचा. कुठलं मेंढरू कुठं गेलं ते त्याला घंटीवरनं कळायचं. ह्या पोरींना घंट्याच न्हाईत. मुक्या खेळत्यात. समद्यांचं डोळं बाकाकडं. आता बाकाकडं बघून काय मिळणार न्हाय. बोलू द्या की त्यांना एकमेकींशी."

चार दिवस पोरींनी नाकं मुरडली. पाचव्या दिवशी वैतागून बोलायला लागल्या. "डावीकडं आली गं!" "मी पाय धरते, तू वरनं ये!" पुढं पुढं तर इतकं ओरडायला लागल्या की वर्गातल्या सरांनी खिडक्या लावून घेतल्या. मध्ये विश्रांती झाली की म्हाळसा वळायची आणि म्हणायची, "सांगा, काय चाललंय?" मग सगळ्या एकदम सांगायला लागायच्या, भांडायच्या आणि सांगता सांगता आपलं कुठं चुकतंय ते त्यांचं त्यांनाच उमजायचं. मी मात्र गावभर सांगत सुटले की ही बाई करंडक घालवणार.

फायनल बारामतीला. समोर आबांचा संघ. आबांनी आमच्या पोरींच्या डोक्यावरून हात फिरवला, माझ्याकडून एक अंडं खाल्लं आणि जाऊन पलीकडच्या बाकावर टोकाला बसले. खांद्यावर तोच पिवळा टॉवेल. म्हाळसानं खुर्ची उलटी केली. तिच्यासमोर भिंत आणि पाण्याचा जार. प्रेक्षकांत हशा पिकला. पंच येऊन विचारून गेले, "मॅडम, तब्येत बरी हाय ना?"

"बरी हाय," ती म्हणाली. पण पेला भरून वाहायला लागला तरी जारची तोटी बंद करायचं तिला सुचेना. आई घरी अजून बोलत नव्हती, कंपनीत तिच्या जागी दुसरी लागली होती आणि आज करंडक गेला तर हिला जायला जागा नव्हती. मी तिच्या शेजारी जाऊन बसले. डबे सोडून पहिल्यांदाच.

खेळ शेवटपर्यंत बरोबरीत राहिला. शेवटची चढाई आमची. छकुली गेली.

"मावशी, काय चाललंय?" म्हाळसानं भिंतीकडं बघतच विचारलं.

"घुसली... लावला हात! अगं बाई, धरला! पाय धरला तिचा!"

कोपऱ्यावरच्या पोरीनं छकुलीचा घोटा धरला होता. छकुली तोंडावर पडली आणि हात मध्यरेषेकडं लांबवत फरफटू लागली. बाकीच्या सगळ्या तिच्यावर झेप घ्यायला निघाल्या. आता संपलंच. त्याच क्षणी माझी नजर आबांकडं गेली. पहिल्या दिवसापासून ज्या पोरीला हातानं शिकवलं, तिला अडकलेली बघून आबांचा जीव खालीवर झाला आणि हात आपोआप उठला. टॉवेल डोक्यावर!

मागं ये, पोरी, मागं ये!

छकुलीनं बघितलंच नाही. बाकाकडं बघायची तिची सवयच मोडली होती. बघितलं ते बारामतीच्या पोरींनी. झेप घेणाऱ्या सगळ्या जागच्या जागी थांबून दोन पावलं मागं सरल्या. आज्ञाधारक लेकरं! एकटी कोपऱ्यावरची तेवढी घोट्याला लोंबकळत राहिली. तिला ओढतच छकुलीनं रेषेला बोट लावलं आणि शिट्टी वाजली.

मी काय ओरडले ते मला आठवत नाही. पोरी येऊन म्हाळसावर कोसळल्या, खुर्ची मोडली. सर पार्किंगमधून फोन कानाला लावूनच धावत आले. "काय झालं? काय झालं?" सगळं ऐकून त्यांनी फोनमध्ये सांगितलं, "ते पुण्याच्या माणसाचं राहू द्या आता." म्हाळसानं ते ऐकलं आणि मोडक्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसून हमसून हमसून रडली.

आबा हळूहळू चालत आले. मला वाटलं, रागावले असतील. ते तिच्याजवळ खाली बसले.

"पोरी, एवढं झालं आन् तू बघितलंच न्हाईस व्हय?"

"न्हाय आबा," ती डोळे पुसत म्हणाली. "बघत बसले असते तर माझा बी हात वर गेला असता."

आबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग खांद्यावरचा टॉवेल ओढून स्वतःचे डोळे पुसले, कपाळ पुसलं, आणि त्यांच्या मागं उभ्या असलेल्या बारामतीच्या पोरी चटकन दोन पावलं मागं सरल्या.

मी डबा उघडला आणि त्यांनाही एकेक अंडं दिलं.