खसखशीएवढा स्क्रू

आमच्या घराखाली घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे. पुढे काउंटरवर भाऊ बसतो आणि मागे, काचेच्या आडोशाला, डोळ्याला भिंग लावून त्याची धाकटी बहीण. गल्लीतली मुलं तिला टिकटिकमावशी म्हणतात, मी नुसतं टिकटिक. वय एक्कावन्न. बोलणं मोजकं, पण लागलं तर लागतं.

टिकटिकला अकराव्या वर्षापासून फिट येतात. गेली चार वर्षं व्हॅल्प्रोएट नावाच्या गोळीने त्या पार थांबल्या होत्या. भावाचा जीव भांड्यात पडला होता. पण त्याच गोळीने तिचे हात थरथरायला लागले. पाण्याचा पेला धरताना कुणाच्या लक्षात येऊ नये इतके बारीक. घड्याळाच्या पोटातल्या केसाएवढ्या स्प्रिंगला मात्र ते लगेच कळायचं.

तिने हे कुणालाच सांगितलं नाही. नाजूक कामं ती "पार्ट मिळत नाही" म्हणून परत करू लागली. आणि मग तिने जे केलं ते फक्त घड्याळ दुरुस्त करणाराच करू जाणे. घड्याळ पुढे पळत असेल तर आतली पट्टी केसभर सरकवायची, एक दिवस थांबायचं, बघायचं, पुन्हा केसभर. जन्मभराची ही पद्धत तिने गोळीला लावली. रोज ब्लेडने गोळीची कड थोडी जास्त तासायची. डॉक्टरांना न विचारता.

एकोणिसाव्या दिवशी मी भिंतीवरच्या घड्याळाचा सेल बदलून घ्यायला खाली गेले होते. माझ्यासमोर ती स्टुलावरून कोसळली.

भावाने तिला कुशीवर वळवलं, डोक्याखाली स्वेटर सारला, चिमटा दूर ढकलला. मी घाबरून चहाचा चमचा उचलला होता.

"काकू, ठेवा तो खाली. तोंडात काही घालायचं नसतं. वेळ बघा फक्त."

दुकानात तीसेक घड्याळं आणि प्रत्येकाचा काटा निराळ्याच वेळेवर. मी आपलं मनगटावरचं घड्याळ धरलं. दोन मिनिटं चाळीस सेकंद. कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर रोज डायरीत एक तरी ओळ लिहायला लावायच्या, आणि ती खरीच हवी असायची. ती सवय अजून सुटलेली नाही. त्या दिवसाची ओळ घेऊन मीही त्या दोघांबरोबर डॉक्टरीणबाईंकडे गेले.

डॉक्टरीणबाईंनी टिकटिकच्या तोंडून सगळं ऐकून कपाळावर हात मारला. "अहो, गोळी आहे ती! पेन्सिल आहे का तासायला? अशी मनाने कमी केली की फिट येणारच. जिवावर बेतलं असतं."

टिकटिक मान खाली घालून बसली होती. मग तिने पर्समधून पांढरा कागद काढला, टेबलावर पसरला, त्यावर एक स्क्रू ठेवला. खसखशीच्या दाण्याएवढा. चिमट्याने उचलायला गेली, तो निसटला. पुन्हा निसटला. एकूण सात वेळा. आठव्या वेळी तो उचलला गेला तेव्हा तिच्या कपाळावर घाम होता.

"पूर्वी मी हा न बघता उचलायचे," ती म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी खुर्ची पुढे ओढली. जुनीच गोळी ठेवली तर फिट बहुधा थांबलेल्या राहतील, पण थरथरही राहील. डोस रीतसर कमी करून पाहता येईल, पण तेवढ्यानेच फिट येतात हे आता दिसलं. टोपिरामेट म्हणून एक आहे, त्यावर काहींना बोलताना शब्द सापडत नाहीत.

"तसंही ती कुठे बोलते?" भाऊ पुटपुटला.

तिसरी लॅमोट्रिजिन. तिच्यात थरथर सहसा कमी. पण ती मुंगीच्या पावलांनी वाढवायची, सुरुवातीला दिवसाआड एक, अगदी कमी ताकदीची. अंगावर पुरळ दिसलं तर त्याच दिवशी कळवायचं. जुनी गोळी नंतर सावकाश उतरवायची. "आणि फिट शंभर टक्के थांबतील, असा शब्द मी देणार नाही."

"मग विषय संपला," भाऊ म्हणाला. "चालत्या गाड्याला खीळ कशाला? हात थरथरले तर थरथरू देत. तू बस काउंटरवर, मी बसतो आत."

"तू आत? दादा, तू सेल उलटा घालतोस."

मला हसू आलं. भावाला नाही आलं. लहानपणापासून तिला पडताना धरणारा तोच होता.

"तू पडलीस की मला काय होतं, माहीत आहे का तुला?"

"माहीत आहे," ती हळूच म्हणाली. "पण मधल्या सगळ्या दिवसांत मी काय करू, तेही सांग ना."

तिने तिसरी गोळी निवडली.

पुढचे पाच महिने माझ्या डायरीत रोज तीन रकाने होते: गोळी, पुरळ, स्क्रू. एवढा धीर मी आयुष्यात पाहिला नाही. जिने स्वतःच्या मनाने गोळी तासली होती, तिने आता एकही दिवस, एकही तास इकडचा तिकडे केला नाही. पुरळ आलं नाही. जुनी गोळी उतरत गेली तसा स्क्रू सहाव्या वेळी, चौथ्या वेळी, मग दुसऱ्या वेळी उचलला जाऊ लागला. चौथ्या महिन्यात एक फिट आली, पन्नास सेकंदांची. मला वाटलं, आता भाऊ हट्ट धरणार. डॉक्टरीणबाईंनी फोनवर नव्या गोळीचा डोस थोडा वाढवला. भाऊ बाहेर गेला आणि सुताराकडून कानस घेऊन आला. तिच्या टेबलाचे चारही कोपरे त्याने दुपारभर घासून गोल केले. उंच स्टूल माळ्यावर टाकलं आणि खाली हात असलेली बुटकी खुर्ची आणून ठेवली.

"आता पड हवी तेवढी," तो म्हणाला. डोळे मात्र भलतीकडे होते.

काल तिने मला आत बोलावलं. टेबलावर बायकांचं एक चिमुकलं मनगटी घड्याळ उघडं पडलं होतं. तिने चिमट्याने त्याचं नाजूक चक्र, खाली लोंबणाऱ्या स्प्रिंगसकट उचललं. भाऊ काचेपलीकडून मान उंच करून बघत होता. तो हात जणू हवेवर टेकलेला होता. चक्र जागेवर बसलं. मग तोच खसखशीएवढा स्क्रू, पहिल्या खेपेला. आणि ते चक्र आपलं आपण हलायला लागलं.

टिकटिकने भिंग काढलं. "दादा, गिऱ्हाईक उभं आहे तुझं," ती म्हणाली.