व्लास्ताच्या पाठीसाठी पातळ तेल

ओताकारला सगळं जाडच लागायचं. दूध डेअरीचा टँकर चालवून निवृत्त झालेला हा गडी कॉफीसुद्धा चमचा उभा राहील अशी प्यायचा, मग जुन्या जावा मोटरसायकलच्या पुढच्या, धक्के झेलणाऱ्या फोर्कमध्ये पातळ तेल कुठून घालणार? फोर्कमध्ये जाड तेल असलं की उतारावर ब्रेक दाबला तरी गाडी नाक खाली घालत नाही, हे त्याचं ठाम मत. जुन्या गाड्यांच्या फेरीत त्याची बायको व्लास्ता दरवर्षी मागे बसायची आणि वळणावळणावर त्याला अक्कल शिकवायची.

यंदा तिच्या मणक्याचं ऑपरेशन झालं होतं. डॉक्टरांनी गाडीवर बसायची परवानगी दिली, पण अट तिने घातली.

"चौकातल्या फरसबंदीच्या दगडांवर दुखलं, तर तुझ्या डाव्या खांद्यावर थाप मारीन. तिथेच उतरेन. मग पुन्हा कधी 'मागे बस' म्हणायचं नाही."

जाड तेलाने फोर्क कडक राहतो आणि धक्के थेट पाठीत जातात, म्हणून ओताकारने ते काढलं. पण सगळ्यात पातळ घालायला जीव धजेना, म्हणून मधलं घातलं. दुपारच्या उन्हात मागे बटाट्यांचं पोतं बांधून चौकातून चक्कर मारून पाहिली. गाडी झकास चालली.

फेरीच्या सकाळी मात्र गवतावरचं दव गोठलं होतं. रांगेत उभ्या उभ्या त्याने हँडल दाबलं, तर फोर्क जेमतेम हलला. गारठ्याने तेल आळलं होतं. फेरी सकाळी सुटते, आणि शहाण्याने चाचणी घेतली भर दुपारी. चौक तर सुरुवातीलाच होता.

तो घरी धावला, पातळ तेलाचा डबा आणि पाने घेऊन आला, आणि तिथेच गुडघे टेकून त्याने फोर्कचे खालचे स्क्रू काढले. थंड तेल कसलं भराभर येतंय? ते सावकाश गळत राहिलं. पुढच्या गाड्या सुटू लागल्या.

"पाणी घालतोयस की काय?" शेजारचा बेद्रिख म्हणाला. "उतारावर नाकाने रस्ता उकरशील, ओता."

"उकरेन. तू बाजूला हो."

व्लास्ता कमरेचा पट्टा आवळून बाकावर बसली होती. तिच्याशिवाय त्याला ती गाडी नकोच होती.

त्याचं नाव पुकारलं तेव्हा त्याने पातळ तेल ओतून वरचं झाकण नुकतंच आवळलं होतं. व्लास्ता जपून बसली. चौकातले दगड सुरू झाले. फोर्क खालीवर होत होता, धक्के खात होता, पण पुरेसे की नाही हे कळायला मार्ग नव्हता. ओताकारचा सगळा जीव डाव्या खांद्यात गोळा झाला होता.

दगड संपले. गुळगुळीत डांबर आलं. आणि खांद्यावर थाप पडली.

त्याने गाडी कडेला घेतली. वळून बघायची हिंमत होईना.

"दुखलं?"

"नाही. थरथर जाणवली."

"मोटरसायकल थरथरतेय?"

"तू थरथरतोयस. चौकापासून श्वास तरी घेतलास का?" तिने त्याच्या कमरेला घट्ट विळखा घातला. "चल आता. पुढे उतार आहे. पातळ तेल घातलंयस ना, ब्रेक हळू दाब."