चौथ्या कॉम्प्युटरवरचा कोल्हा

सालेकशात ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं माझं दुकान आहे. चार कॉम्प्युटर. कोणत्या कॉम्प्युटरवर कोणता ब्राउझर चालतो, याची यादी मी पहिल्या दिवसापासून भिंतीवर लावते. ब्राउझर आम्ही चित्रावरून ओळखतो. सुरुवातीला चारही खान्यांत निळा ई होता. सरकारी साइट दुसऱ्या कशात उघडतच नसत. मग दोन खान्यांत कोल्हा आला. त्यामागून रंगीत गोळा आला आणि एकेक खाना घेत गेला. गिऱ्हाइकांचं एवढंच म्हणणं, "मॅडम, मोबाइलात आहे ना, तोच उघडा."

शेवटी कोल्हा फक्त चौथ्या कॉम्प्युटरवर उरला. मी प्रत्येक वापराला एक खूण करते. महिनाभर त्याच्यापुढे एकही खूण पडली नाही, म्हणून एका सोमवारी तो काढून टाकला. जुन्या नोंदीही पुसायच्या का, असा प्रश्न पडद्यावर आला. मी हो दाबलं आणि यादीत रेघ मारली.

गुरुवारी दुपारी तीन वाजता जवळच्या गावातली एक सून सासूला घेऊन आली. नर्सिंगच्या कोर्सचा अर्ज तिने दीड महिन्यापूर्वी माझ्याकडेच, त्याच चौथ्या कॉम्प्युटरवर, अर्धा भरला होता. कागदपत्रं जोडायची राहिली होती. शेवटचा दिवस, पाचपर्यंत मुदत. पुढच्या वर्षी तिचं वय बसणार नव्हतं.

"पासवर्ड सांग," मी म्हटलं.

"तुमच्याकडेच तं आहे, मॅडम. तुमीच म्हनल्या होत्या, कॉम्प्युटर लक्षात ठेवते."

म्हटलं होतं. सगळ्यांनाच म्हणत होते. माझ्या वहीत लोकांच्या दाखल्यांची नोंद आहे, फोटोंची आहे. पासवर्ड मात्र कोल्हा ठेवतो म्हणून मी कधी लिहिले नाहीत.

सासू भिंतीकडे बघून म्हणाली, "येवढी मोठी यादी, अन् आमचंच काऊन पुसलं वं बाई?"

नवा पासवर्ड करायला ओटीपी लागणार, आणि नंबर दिलेला तिच्या नवऱ्याचा. तो रायपूरला टाइल्स बसवतो. त्याच दिवशी गाडीने घरी यायला निघाला होता. मी ओटीपी पाठवून फोन लावला. लागला नाही. पुन्हा पाठवला, पुन्हा लावला. तिसऱ्यांदाही तेच. गाडी डोंगरगड सोडून दरेकशाच्या जंगलात शिरली असणार. तिथे रेंज नाही, आणि ओटीपी दहाच मिनिटं चालतो. मग मी थांबले.

वेळापत्रकाप्रमाणे गाडी सव्वाचारला आमच्या स्टेशनवर. तोवर सगळे कागद स्कॅन करून ओळीने लावून ठेवले. सव्वाचार झाले. साडेचार झाले. सून दाखल्याच्या प्लास्टिकची कडा नखाने सोलत बसली होती.

चार पस्तीसला फोन वाजला. नवराच होता. "दरेकसा सुटलं, येऊन राहिलो. तीन मेसेज आले एकदम. कोनता वाचू, वरचा का खालचा?"

"एकही नको. चुकीचा पडला तर खातं उद्यापर्यंत बंद होते. आता नवा पाठवते, तो वाजला की तोच वाच."

"मंग हे जुने पुसून टाकू?"

"काही पुसू नको!" मी ओरडले.

सासू सुनेला म्हणाली, "मॅडम शिकली आता."

आकडे आले, साइट उघडली. नवा पासवर्ड टाकायच्या वेळी सून म्हणाली, "मी टाकू? तुमी जरा तिकडे पाहा." मी तिकडे पाहिलं, म्हणजे यादीकडे. चारही खान्यांत गोळा.

तिचं टाकून झालं तेव्हा पडद्यावर प्रश्न आला, पासवर्ड जपून ठेवायचा का? सवयीने माझा हात माउसकडे गेला. तिने माउस आधीच आपल्याकडे ओढला होता. 'नको' दाबून म्हणाली, "आता जोडा कागद."

चार बावन्नला पावती निघाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वहीतून चौथ्या कॉम्प्युटरवर फॉर्म भरलेल्या लोकांची नावं वेगळ्या कागदावर काढली आणि वरच्या नावापासून फोन लावायला सुरुवात केली.

"पासवर्ड?" पहिला माणूस म्हणाला. "तो तं तुमच्याकडेच आहे ना."