विज्ञानखोलीतले घंगाळ

खानापूर तालुक्यातली भाताची चिंचोळी पट्टी थोरल्या भावाकडे ठेवून भरमू बेळगावला आला आणि एका हायस्कुलात शिपाई झाला. घंटा वाजवणे, बाके पुसणे, मास्तरांसाठी खडेबाजारातून चहा आणणे ही त्याची कामे होती. त्यांत विज्ञानखोलीत पाणी भरण्याचे काम त्याला मानाचे वाटे. खोलीच्या दाराशी तिवईवर झाकण घातलेला तांब्याचा हंडा असे. प्रयोग संपला की मुले त्याच्यापुढे येत आणि भरमू तांब्याने त्यांच्या हातांवर पाणी घाली. घाईत असलेली मुले स्वतःच तांब्या बुडवून घेत, तेव्हा कोणी काही बोलत नसे.

एकाच मुलाला तशी घाई करता येत नव्हती. त्याचे नाव रवळू. चिकोडीकडच्या एका गावच्या महारवाड्यातून तो वसतिगृहात राहायला आला होता. त्याला वर्गात बसण्याची मुभा होती, पाण्याची नव्हती. त्याच्यासाठी भरमू तांब्या जरा उंच धरी, म्हणजे त्याचा हात तांब्याला लागत नसे. रवळूही ओंजळ खाली धरून मागे सरके. यात भरमूच्या मनात दुष्टावा नव्हता. घरी बाप जसा पाणी घालीत असे, तसाच तो घालीत होता.

विज्ञानाचे शिक्षक उपेंद्रराव यांनी खोलीच्या भिंतीवर स्वतःच्या वळणदार अक्षरात नियम लिहून लावले होते. बाटलीचे तोंड आपल्याकडे धरू नये. तेजाबात पाणी ओतू नये, पाण्यात तेजाब थोडे थोडे ओतावे. तेजाब अंगावर उडाल्यास तत्काळ भरपूर पाण्याने धुवावे. नियम बरोबरच होते. फक्त ते लिहिताना उपेंद्ररावांच्या डोळ्यांसमोर जो विद्यार्थी होता, त्याला पाणी घेण्याची मनाई नव्हती.

तेहतीस सालच्या थंडीत एका सकाळी प्रयोग चालू असताना हेडमास्तरांनी टेबल हलवायला भरमूला बोलावले. तो गेला. इकडे रवळूच्या बाटलीचे काचेचे बूच घट्ट बसले होते. त्याने जोर लावला, बूच एकदम निघाले आणि गंधकाचे तेजाब त्याच्या उजव्या हातावर आणि डोळ्यात उडाले.

रवळू धावला, हंड्याजवळ गेला आणि थांबला. त्याने ओंजळ पुढे केली. "पाणी, पाणी घाला," असे उपेंद्रराव ओरडले आणि स्वतः कपाटात तेजाबावर उतारा म्हणून सोड्याची बाटली शोधू लागले. मुलांना वाटले, हा हुकूम भरमूला आहे. पाणी घालण्याचे काम त्याचेच. तीही थांबली. भरलेल्या हंड्यापुढे तो मुलगा विव्हळत ओंजळ धरून उभा राहिला.

आरडाओरडा ऐकून भरमू धावत आला. त्याने झाकण काढले, तांब्या भरला आणि पाणी घातले. हातावर घातले. उंचावरून घातले.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारले, "हात बरा धुतला आहे. डोळा का नाही धुतला?"

उपेंद्ररावांनी भरमूकडे पाहिले. डोळा धुवायचा तर मुलाचे डोके धरावे लागते, पापणी उघडावी लागते. भरमू म्हणाला, "ध्येनात आलं न्हाय."

ते खोटे नव्हते.

रवळूचा उजवा डोळा गेला. शाळेने कोणाला दोष दिला नाही, कारण दोष देण्याजोगे कोणी काही केले नव्हते. भरमूचे जेवणखाण नेहमीसारखे चालले. त्याला रडू आले नाही. कशाचेच काही वाटेनासे झाले. बायको अंबुबाईने भाकरीवर मिरचीचा ठेचा वाढला तर तो तिखट आहे की अळणी, हे त्याला सांगता येत नसे.

महिन्याभराने रवळू परतला. त्या दिवशी भरमूने घरचे पितळी घंगाळ आणून पाण्याने भरले आणि विज्ञानखोलीच्या मध्यभागी उघडेच ठेवले.

"भरमाण्णा, लग्नाची आंघोळ कुणाची हाय?" एका मुलाने विचारले.

"तेजाब उडालं की ह्यात हात घालायचा. तोंड बुडवायचं. कुनाची वाट बघायची न्हाय."

"रवळूनं घातला तर?"

"तर त्याच्या मागनं मी घालनार."

ही बातमी गावाकडे पोचायला वेळ लागला नाही. जत्रेला थोरल्या भावाचा निरोप आला नाही. अंबुबाई म्हणाली, "घंगाळ नेलंसा ते नेलंसा, आता घरात येताना भाईर आंघुळ करून या." तो निमूट बाहेर आंघोळ करू लागला. हेडमास्तरांनी बोलावून सांगितले, "पालक तक्रार करतात. ते भांडे काढा." भरमू म्हणाला, "काडतो साहेब. पर मग त्या खोलीचं काम दुसऱ्याला द्या." ते काम करायला दुसरा कोणी तयार नव्हता. घंगाळ राहिले.

मात्र रवळूने त्यात कधी हात घातला नाही. प्रयोग झाला की तो घंगाळापाशी येई, मागे सरके आणि ओंजळ धरी.

"घाल की रं हात."

"तुम्हीच घाला, अण्णा."

भरमू तांब्या खाली धरून पाणी घाली. एवढाच फरक पडला होता.

पुढे रवळू मॅट्रिक झाला. कोल्हापूरला कॉलेजात विज्ञानच घ्यायचे त्याने ठरवले. जाण्याआधी तो निरोप घ्यायला आला, तेव्हा भरमू खोलीत बाटल्या पुसत होता.

"तिथं बी तेजाब असंल?"

"असणार की."

"तिथं मी नसनार."

भरमूने घंगाळाकडे बोट केले.

"उडालं तर काय करशील? दाखव."

रवळू घंगाळाजवळ आला. त्याचा एक डोळा पाण्याकडे होता, दुसरा पांढरा. त्याचा हात पाण्यापर्यंत गेला आणि तिथेच राहिला. मग सवयीने दोन्ही हात जुळले, ओंजळ झाली, पाऊल मागे गेले. त्याचे त्यालाच ओशाळल्यासारखे झाले. "होत नाही अण्णा. मनात आणतो, पण होत नाही."

भरमूने फडके खाली ठेवले. पुढे होऊन त्याने रवळूचे मनगट धरले. या मुलाला त्याने आजवर कधी स्पर्श केला नव्हता. हात पाण्यात कोपरापर्यंत दाबला. मग दुसरा हात त्याच्या मानेवर ठेवून त्याने त्याचे तोंड खाली वाकवले, पाण्यात बुडवले आणि मनगट सोडून त्या हाताच्या अंगठ्याने निकामी डोळ्याची पापणी उघडी धरली. रवळूने प्रतिकार केला नाही.

"असं. श्वास धरवंल तवर. मग वर यायचं, परत बुडवायचं. समजलं?"

"समजलं."

"आता तुझा तू."

रवळूने या वेळी स्वतः हात घातला. तो पुन्हा पुन्हा काढत होता आणि घालत होता, लहान मूल शिकते तसा. भरमू पाहत राहिला. आपल्याला समाधान वाटायला हवे, हे त्याला कळत होते. ते काही आले नाही. पाणी गार असावे; रवळूच्या हातावर काटा उभा राहिला होता, त्यावरून त्याला ते कळले. स्वतःचा हातही अजून त्याच पाण्यात होता.