पायांनी मोजलेला वास्तुकार

मंगळवारी सकाळी हॉस्पिटलमधून फोन आला. माझे पती गेले होते. त्यांच्या पुस्तकाची आठ प्रकरणं लिहून झाली होती, नववं राहिलं होतं.

पुस्तक एका इटालियन वास्तुकाराच्या कारकिर्दीवर, मराठीत. या माणसाने तरुणपणी कापडगिरण्या बांधल्या, युद्धानंतर कामगारांची घरं, मग बरीच वर्षं नुसतं शिकवलं आणि म्हातारपणी इंग्लंडमध्ये एक लहान वाचनालय उभं केलं. अभ्यासक या वाचनालयाला उतरती कळा म्हणतात. आमच्या यांना ते मान्य नव्हतं. पण यांचा नेम असा, की स्वतः चालून पाहिल्याशिवाय इमारतीवर एक ओळही लिहायची नाही. नकाशातली मापं ते घेत नसत, आपली पावलं मोजत. त्यासाठी दोनदा इटलीला जाऊन आले. वाचनालय कॉव्हेंट्रीतल्या आमच्या घरापासून बसने चाळीस मिनिटांवर. जवळच आहे म्हणून ते शेवटी ठेवलं.

पुण्याहून प्रकाशकांचा फोन आला. "वहिनी, आठ प्रकरणं भरपूर झाली. शेवटी मी चार ओळींची टीप टाकतो."

"टीप नको. प्रकरण पाठवते."

"तुम्ही? अहो, तुम्ही आयुष्यभर केमिस्ट्री शिकवलीत!"

"हो. म्हणून मोजता येतं."

मुलगी इथेच वाढलेली. "आई, बाबाचा पुस्तक आहे तो, तुझा नाही," म्हणाली, आणि तरी सोबत आली. वाचनालयात मी भिंतीकडेने खाली बघत चालू लागले, तशी ती कुजबुजली, "सगळे बघतायत. त्यांना वाटतंय तुझा कानातला पडला."

"मग तूही खाली बघ, म्हणजे खरं वाटेल."

लांबी पंचेचाळीस पावलं भरली. यांची ढांग मोठी. घरात त्यांच्या बारा पावलांना माझी पंधरा लागत. हिशेब करून मी वहीत छत्तीस लिहिलं. मग खोडलं. हे स्वतः इथे कधी चालले नव्हते. पंचेचाळीस, माझी, असं लिहिलं.

त्या हिवाळ्यात मी सहा वेळा गेले. खिडक्या इतक्या खाली आहेत की बसल्या जागेवरून रस्ता दिसतो, येणारी बस दिसते. असा विचार करणारा माणूस थकलेला नव्हता, हे मला पटलं. जिना मात्र अंधारा आहे. उतरताना पायरी दिसेना, मुलीचा दंड धरावा लागला. प्रकरणात मी दोन्ही लिहिलं.

"जिन्याचं काढू या ना, वहिनी," प्रकाशक म्हणाले. "सरांच्या मुद्द्याला बाध येतो."

"सर तो जिना उतरले असते, तर त्यांनीही लिहिलं असतं. राहू दे."

ते राहिलं. मागच्या आठवड्यात प्रुफं आली. आठ प्रकरणं त्यांची आहेत, नववं माझं. आता पुस्तकाच्या शेवटी येणारी सूची करायची राहिली आहे.