वाढलेलं पान

माझ्या आठ वर्षांच्या लेकीला मधुमेह निघाला त्या आठवड्यात माझं दोन प्रकारे वाटोळं झालं. एक तर रडून रडून घसा बसला. दुसरं सांगायला लाज वाटते. देवासच्या त्या दवाखान्यातल्या एका नर्सचा मला इतका मत्सर वाटू लागला, की तिच्या चपलांचा आवाज आला तरी माझ्या कपाळाला आठी पडायची.

ती धार जिल्ह्यातल्या गंधवानीकडची. पंचविशीचीही नसेल. पहिल्या दिवशी आली, मला "नमस्ते मम्मी" म्हणाली आणि सरळ लेकीच्या पलंगावर मांडी घालून बसली. सगळ्याच आयांना ती मम्मी म्हणायची. अंगातली साखर का वाढते, इन्सुलिन काय करतं, रोज टोचून का घ्यावं लागतं, हे सगळं तिने मला नाही, पोरीला सांगितलं. मी बाजूच्या स्टुलावर पाहुण्यासारखी.

मी पंधरा वर्षं शाळेत विज्ञान शिकवते. मुलांना प्रश्न कसा विचारावा हे मला कोणी सांगायला नको. पण ही बाई प्रश्न विचारायची आणि गप्प बसायची. उत्तर येईपर्यंत ढिम्म हलायची नाही. आणि माझी लेक चक्क विचार करून उत्तर द्यायची. घरी मी पाढे विचारले की हीच पोरगी पंख्याकडे बघत बसते.

तिसऱ्या दिवशी नर्सने मला नुसत्या सलाईनच्या पाण्याची सुई स्वतःच्या पोटाला टोचायला लावली. मला सुई नीट धरता येईना. तिने स्वतः हात पुढे केला असता तर मला चाललं असतं. पण ती लेकीकडे वळून म्हणाली, "मम्मी को तुम सिखाओ."

"आई, चिमटीत धर. आता सरळ घाल. निकालायच्या आधी दहा मोज," लेक म्हणाली. ते दहा आकडे मी दात आवळून मोजले.

चार दिवसांत लेक नर्सला दीदी म्हणू लागली, आणि तिच्यासारखंच 'हो'च्या जागी 'हव' म्हणायला लागली. वेणी दीदीनेच घालायची. एकदा मी घरून मुगाची धिरडी करून नेली, चटणीत साखर न घालता. डबा उघडला तर म्हणते, "दीदीला विचारून खाऊ?" माझ्या हातचं खायला माझ्या पोरीला दुसऱ्या बाईची परवानगी लागावी, हे मला फार झोंबलं. मी डबा बंद करून टाकला. मग पुन्हा उघडला, कारण तिला भूक लागली होती.

घरी सोडताना नर्सने लेकीची तोंडी परीक्षा घेतली. सुई कधी? थाळी समोर आल्यावर. खायला उशीर होऊन साखर उतरली, अंग कापलं, घाम फुटला तर? "पहले शक्कर, बाद में बात." आणि कसलीही शंका आली तर? फोन. नंबर लेकीच्या वहीत मोठ्या अक्षरात लिहून दिला. मलाही तेच तीन प्रश्न विचारले. मी उत्तरं बरोबर दिली, जरा जास्तच ठसक्यात.

नवरात्रात आम्ही धारला सासरी गेलो. अष्टमीला आमच्याकडे कुळधर्म असतो. सवाष्णी, कुमारिका जेवतात, आणि यंदा कुमारिका माझीच लेक होती. खणाचा परकर-पोलका घालून मिरवत होती. पानं मांडली गेली, तिच्या ताटात पुरणपोळी आली, वरणभात आला, पोळीवर तूप पडलं. मी इन्सुलिनचं पेन काढलं.

"आई, दीदीला फोन करून विचारू? आज पुरणपोळी आहे," ती म्हणाली.

"काही नको," मी म्हटलं. "मला येतं. मी तुझी आई आहे."

शेवटचं वाक्य कशाला बोलले कोण जाणे. तिने तर ते नाकारलं नव्हतं. नर्सने दिलेल्या कोष्टकात बघून, पोळीचा हिशेब धरून मी सुई दिली. थाळी समोर होतीच. नियम पाळला होता.

पण आमच्या घरी पान वाढलं म्हणजे जेवण सुरू झालं असं नसतं. नैवेद्य दाखवेपर्यंत कोणी शिताला हात लावत नाही. कुळधर्माचा नैवेद्य घरातल्या थोरल्यानेच दाखवायचा, आणि आमचे थोरले दीर खातेगावहून यायचे होते. फोनवर म्हणाले, इंदूरच्या जाममध्ये अडकलोय, आलोच. बारा वर्षं मी या घरात नैवेद्यासाठी थांबत आले आहे. हे मला ठाऊक नव्हतं असं कोण म्हणेल? ठाऊक होतं, पण ते देवघरात होतं आणि सुई दवाखान्यात होती. दोन्ही एकत्र करून बघायचं मला सुचलंच नाही. दहा मिनिटं गेली, वीस गेली. मी सवाष्णींना हळदीकुंकू लावत हिंडत होते.

परतले तेव्हा लेक पाटावरून उठली होती. ओठ पांढरे, कपाळावर घामाचे थेंब. देवीसमोर पंचामृतासाठी साखरेची वाटी ठेवली होती. तिने कापऱ्या हाताने ती उचलली आणि मूठभर साखर तोंडात कोंबली.

"अगं, नैवेद्य व्हायचाय ना," सासूबाई म्हणाल्या.

मीही काही बोलायला तोंड उघडलं, तर लेकीने हात वर केला. "पहले शक्कर, बाद में बात," ती म्हणाली. मग खाली बसली आणि मला म्हणाली, "मशीन आण."

मी तिच्या बोटाला टोचून साखर मोजली, मशीनवरचा आकडा फार खाली होता. सासूबाईंनी काही न विचारता तिच्यापुढे ताट सरकवलं. "जेव बाळा. देवीला दुसरं पान वाढू." पंधरा मिनिटांनी आकडा वर आला. आणि खरं सांगते, ती वाचली या आनंदाच्या आधी माझ्या मनात आलं ते हे, की हेही त्या बाईनेच शिकवलेलं.

दसऱ्यानंतर देवासला तपासणी होती. मशीनमधला तो आकडा नर्सला दिसलाच. मी सगळं सांगितलं, पान, नैवेद्य, दीर. तिने नैवेद्य म्हणजे काय ते नीट विचारून घेतलं आणि वहीत लिहिलं. मग तिने विचारलं, "पर फोन क्यों नहीं किया? नंबर तो था."

मी तोंड उघडायच्या आत लेक म्हणाली, "टावर नहीं था, दीदी."

ती खोटं बोलत नाही. चॉकलेट चोरून खाल्लं तरी स्वतः येऊन सांगते. आणि हे ती माझ्याकडे न बघता, इतक्या सहज बोलली, की मला कळलं, या पोरीला सगळं माहीत आहे. दीदीचं नाव निघालं की आई कशी होते, डबा का बंद झाला, सगळं. मला सांभाळायला ती तिच्या लाडक्या दीदीशी खोटं बोलत होती. नर्स ते वहीत लिहायला लागली.

"टावर होता," मी म्हटलं, आणि मग हिंदीत, म्हणजे नर्सला नीट कळावं, "इसने पूछा था. मैंने करने नहीं दिया. मुझे आपसे जलन होती है."

नर्सचं पेन थांबलं. तिने चिडावं अशी माझी फार इच्छा होती. ती चिडली नाही. पण लेकीचा चेहरा वाकडा झाला. इतक्या सुया, इतके दिवस, त्या दवाखान्यात दीदीसमोर डोळ्यांतून टिपूस न काढलेली माझी मुलगी माझ्या ओढणीत तोंड खुपसून हमसून हमसून रडायला लागली. "मी घाबरले होते ना, आई," ती म्हणाली. नर्स उठली आणि बाहेर जाताना तिने दार लोटून घेतलं.