पश्चिमेच्या भिंतीवरची थंड जागा

या सदरातले भुताखेतांचे अनुभव मी वाचायचे ते वेळ घालवायला. मनातल्या मनात हसायचेही. जुन्या इमारतींत वीज कुठे वाया जाते, उष्णता कुठून आत येते ते मोजून दुरुस्ती सुचवणं हे माझं काम. यंत्रावर दिसेल तेवढंच खरं, असा स्वभावच झालेला. आणि हे जे झालं ते यंत्रावरच दिसलं... म्हणून तर सुटका नाही.

गेल्या एप्रिल महिन्यातली गोष्ट. महाडच्या बाजारपेठेमागे एक चार मजली इमारत आहे, चाळीसेक वर्षांची. वायरिंग जुनं, खिडक्यांना फटी, वरचा मजला तर भट्टी. सोसायटीने नूतनीकरण काढलं – गच्चीला पांढरा लेप, नवीन वायरिंग आणि वरच्या मजल्यावर पश्चिमेच्या भिंतींना आतून जाड बोर्डांचं अस्तर. मी बिरवाडीला खोली घेऊन राहते, तिथून रोज स्कूटीने यायचे.

वरच्या मजल्यावर युसुफचाचा आणि शरीफाचाची राहायचे. चाचा पूर्वी ट्रक चालवायचे, आता दम्याने अंथरुणाला खिळलेले. त्यांचा मुलगा सलीम आखातात बांधकामावर होता. तिथेच ऊन लागून गेला, दफनही तिकडेच झालं. या दोघांना शेवटचं तोंडही बघायला मिळालं नाही.

दुपारी तीनच्या सुमाराला मी थर्मल कॅमेरा लावला. तापलेला भाग त्यात लाल दिसतो, थंड भाग निळा. भिंत लालभडक होती. फक्त चाचांच्या पलंगाशेजारी, जमिनीपासून साधारण टेकून बसलेल्या माणसाच्या उंचीइतका भाग – निळा. हात लावला तर माठासारखा गार. ओल असेल म्हणून ओल मोजायचं यंत्र लावलं. भिंत कोरडी ठणठणीत.

"चाची, इथून पाण्याची लाइन जाते का?"

"नाय गो. का?"

उत्तर चाचांनी दिलं. "तिथं सलीम बसतो. दुपारचा येतो."

चाचींनी मान खाली घातली. "असंच बोलतात ते हल्ली."

चाचा माझ्याकडे बघत म्हणाले, "बाय, तेवढी जागा सोड. बाकी काय लावायचं ते लाव."

मी त्यांना समजावलं. मध्ये जागा सोडली तर तिथून उष्णता आत येणार, सगळं अस्तर फुकट. पुण्याच्या ऑफिसातल्या माझ्या साहेबांना फोनवर विचारलं, ते म्हणाले ओलच असणार, झाकून टाक. मी झाकलं. "आठ दिवसांत खोली गार होईल, बघा चाचा," असंही म्हणाले. त्यांनी कूस बदलली.

खोली खरंच गार झाली. सहा अंशांचा फरक. आणि चाचांना मात्र उकडायला लागलं. अंगाला घामाच्या धारा, ताप नाही, डॉक्टरांना काही सापडेना. सारखा हात लांब करून बोर्ड चाचपायचे. चौथ्या दिवशी मी गेले तेव्हा मला हळूच विचारलं, "तो आता कुठं बसेल?"

"उद्या काढते मी बोर्ड," मी म्हटलं. कामगार पोलादपूरच्या कामावर गेले होते. फोन करून एकाला बोलावता आलं असतं. नाही बोलावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माणूस घेऊन पोचले, तेव्हा जिन्यातच चपलांचा ढीग दिसला. चाचा पहाटे गेले होते.

महिनाभराने चाचींनीच सांगितलं म्हणून तो बोर्ड काढला. मागची भिंत सगळीकडे सारखीच तापलेली. सलग तीन दिवस दुपारी मी कॅमेरा लावून बसले. काही नाही.

चाची आता पोलादपूरला मुलीकडे असतात. मध्ये एकदा भेटायला गेले. चहा झाल्यावर त्यांनी विचारलं, "भिंतीचं ते चित्र हाय का तुझ्याकडं?"

मोबाईलवर होतं. त्यांनी चष्मा लावला, त्या निळ्या भागावर बोट ठेवून कितीतरी वेळ बघत राहिल्या.

"बारीक झालाय," म्हणाल्या. आणि मोबाईल परत दिला.

त्या इमारतीचा माझा अहवाल ऑफिसात नव्या लोकांना नमुना म्हणून दाखवतात. खोली सहा अंशांनी थंड झाली, त्यात खोटं काही नाही. भिंतीवर काय होतं, ते मला आजही सांगता येत नाही. मी ते झाकलं, एवढंच मला माहीत आहे.